आधी खेळा, मग हार घाला

दिवाळीत पत्ते खेळावेत की खेळू नयेत, हा वाद मी येथे उकरून काढणार नाही. लक्ष्मीपूजन आटोपले, पडवीत घोंगडी अंथरली, चिवड्याचे ताट मध्ये आले, की त्याचा निकाल घरोघरी आपोआप लागत असतो. माझे भांडण निराळ्याच मंडळींशी आहे. पत्ते खेळणारांशी ते नव्हे आणि पत्त्यांना नाके मुरडणारांशीही नव्हे; पत्त्यांना हात न लावता त्यांचा सत्कार करणारांशी आहे. या मंडळींचा उपद्रव जुगाऱ्यांच्या उपद्रवापेक्षा काकणभर जास्तच, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. जुगारी निदान पत्ते पिसतो तरी!

झाले ते असे. माझ्या भाच्याने एक खेळ तयार केला. पत्त्यांचाच, पण त्यात राजा-राणी-गुलाम नाहीत, हुकूम नाही आणि पैसाही नाही. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र: होडी, माडाचे झाड, बंद दार, वाट चुकलेली म्हैस, कर्ज, वादळ, मुंबईहून आलेले पत्र, देवचार. खेळणारांनी एकेक पत्ता टाकीत सगळ्यांची मिळून एक गोष्ट रचत न्यावयाची. परदेशांत असले खेळ आहेत. 1993 साली इंग्रजीत निघालेला, 'एके काळी' अशा अर्थाच्या नावाचा एक खेळ पुष्कळ खपला. भाच्याने तो पाहिला आणि आपल्या मालवणी मुलखाचा असा एक खेळ असावा असे त्याच्या मनाने घेतले. नोकरी सांभाळून, रात्री जागून त्याने साठ चित्रे काढली आणि नियमांचा कागद लिहिला. नाव अजून ठरावयाचे आहे. आमच्या घरात त्याला नुसता 'गजालींचा खेळ' म्हणतात.

ही वार्ता एका सांस्कृतिक मंडळाच्या कानी गेली. मंडळाचे नाव सांगत नाही. अशी मंडळे जागोजागी असल्यामुळे ज्याला टोपी बसेल त्याने ती घालावी. भाच्याला बोलावणे आले. शाल झाली, श्रीफळ झाले, हार झाला. अध्यक्ष चाळीस मिनिटे अस्मितेवर बोलले. मंडळ स्वखर्चाने खेळाच्या पाचशे पेट्या छापील अशी घोषणा झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. या सर्व वेळात टेबलावर ठेवलेल्या नमुन्याच्या पेटीवरचा पारदर्शक कागद कोणी फाडलासुद्धा नव्हता!

भाचा भाबडा. समारंभ संपल्यावर तो म्हणाला, "छापण्याआधी एक संध्याकाळ आपण सगळे बसून खेळून पाहू या. काय चुकते ते कळेल." त्यावर एका विद्वान सदस्यांनी जे उत्तर दिले ते मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. "खेळून काय पाहायचे? आशय पाहा, आशय!" दुसऱ्याने जोड दिली, की निमंत्रणपत्रिका मजकुरासह छापावयास गेली आहे, तेव्हा आता एकही पत्ता बदलता येणार नाही.

वाचकहो, या वाक्याचाच मला समाचार घ्यावयाचा आहे. आशय पाहा! लाडू वळून ताटात ठेवला आहे आणि गृहिणी म्हणते चाखून पाहा, तर पाहुणा म्हणतो, चाखायचे काय, बेसन उत्तम आहे!

खेळ म्हणजे पेटीत भरलेले चित्रांचे कागद नव्हेत. चार माणसे भोवती बसली आणि पहिला पत्ता पडला, म्हणजे त्यांच्यामध्ये जे घडते त्याला खेळ म्हणतात. ते घडेपर्यंत खेळ जन्मालाच आलेला नसतो. आणि एकदा घडू लागले, की करणाराच्या कल्पनेत जे होते त्याच्याशी त्याचे क्वचितच जमते. मी हे पुस्तकातून सांगत नाही. गेल्या गणपतीत आमच्या नांदगावच्या घरी ही पेटी उघडली, तेव्हा मी तेथे हजर होतो.

नांदगाव ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कणकवली तालुक्यातले, मुंबई-गोवा रस्त्यावरचे आमचे गाव; तिठ्यावरून देवगडकडे वाट फुटते. चतुर्थीला घर भरते. मुंबईचे, पुण्याचे, गोव्याचे, झाडून सगळे येतात. आरत्या झाल्या, जेवणे झाली, बाहेर पाऊस कोसळतो आहे, वीज गेलेली आहे, अशा रात्री बॅटरीच्या उजेडात आम्ही सातजण बसलो.

पहिला डाव पावणेदोन तास चालला! पत्त्यांना गुण ठेवलेले होते. वादळाला पाच, होडीला दोन. झाले काय, की पुण्याच्या पुतण्याने गोष्ट सांगण्याऐवजी बेरीज करावयास सुरुवात केली. "होडी होती, तिच्यावर वादळ आलं, म्हैस बुडाली. नऊ गुण." ही गोष्ट? ही तर किराणाची चिठ्ठी! उलट आमचे थोरले बंधू. त्यांच्या हाती 'मुंबईहून आलेले पत्र' पडले आणि ते गिरणी संपाच्या आठवणींत जे शिरले ते अर्धा तास बाहेर आलेच नाहीत. नियमांत त्यांना थांबविण्याची सोयच नव्हती. दोघी मुली भिंतीला टेकून झोपी गेल्या. शिवाय नियम होता, की गोष्टीच्या शेवटी प्रत्येकाने तात्पर्य सांगावे. तात्पर्याची पाळी आली तेव्हा धाकटी म्हणाली, "अरे, ह्यो खेळ काय परीक्षा?"

भाच्याचा चेहरा पाहवत नव्हता. मला वाटले, आता पोरगा पेटी गुंडाळून मुंबईची गाडी पकडतो. पण त्याने वही काढली आणि कोण केव्हा हसले, कोण केव्हा कंटाळले, कोणत्या पत्त्याशी गोष्ट अडली, एवढेच लिहिले. स्वतः एक अक्षर बोलला नाही. मागाहून मला म्हणाला, "मामा, खेळ चाललेला असताना करणाराने तोंड उघडायचे नाही, हा पहिला नियम. मी पेटीबरोबर प्रत्येकाच्या घरी थोडाच जाणार आहे समजावून सांगायला?" सत्काराच्या सभेत झालेल्या साऱ्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य मला वजनदार वाटले.

दुसऱ्या दिवशी गुण गेले. तात्पर्य तर सर्वांच्या आधी गेले. 'तोड' नावाचा नियम आला: बोलणाराच्या तोंडून तुमच्या हातातल्या चित्राचे नाव निघाले, की पत्ता टाकून गोष्ट तोडावयाची आणि पुढे आपण न्यावयाची. थोरल्या बंधूंना त्या रात्री अकरा वेळा तोडले. ते रागावतील असे वाटले होते. पण ते इतके जपून, इतके आडवळणाने बोलू लागले, होडीला 'ते लाकडाचं काहीतरी' म्हणू लागले, की हसून हसून पोटे दुखली.

देवचाराची हकीकत तर सांगितलीच पाहिजे. पहिल्या मसुद्यात तो पत्ता ज्याच्या हाती येई तो जिंके. कारण गोष्ट कोठेही अडली, की 'मग देवचाराने केलं' म्हणून मोकळे होता येई. साठ पत्त्यांत एकच पत्ता सगळ्या खेळाला गिळीत होता. भाच्याने तो काढूनच टाकावयाचे ठरविले. आमच्या घरी शेतीकामाला येणारे एक वृद्ध गृहस्थ उंबऱ्याशी बसून सगळे पाहत होते. ते म्हणाले, "देवचार फुकट काय करूचो नाय. तेका रोट दी, नारळ दी, विडी तरी दी." झाले! नवा नियम झाला: देवचाराकडून काम करवून घेणाराने हातातला आपला एक चांगला पत्ता शेजाऱ्याला द्यावयाचा. त्या एका नियमाने पत्ता वठणीवर आला आणि गोष्टीही बदलल्या. देवचाराचे देणे फिटले नाही तर काय होते, या विषयावर पोरांनी अशा काही कथा रचल्या की रात्री मागल्या दारी जावयास कोणी तयार होईना. असा नियम त्या विद्वान सदस्यांच्या आशयातून कधी निघाला असता काय?

आता ते म्हणतील, की बाबा रे, हे घरगुती पोरखेळ ठीक आहेत, पण आम्ही परंपरेबद्दल बोलत होतो, आणि परंपरेत फेरफार कसा करावयाचा? ठीक. परंपरेकडेच चलू या. ती आमच्याच जिल्ह्यात, सावंतवाडीला, राजवाड्यात आहे.

सावंतवाडीचा गंजिफा सर्वांना दिसण्यापुरता ठाऊक आहे. वाटोळे पत्ते, लाखेचा लेप, चिताऱ्यांच्या हातची रेघ. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत मिळून बारा, असे 120 पत्ते. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. दिवसा खेळावयाचे तर उतारी रामाची, रात्री कृष्णाची. निम्म्या रंगांत एक्क्याचे मोल दहाहून वरचे आणि निम्म्यांत खालचे, म्हणजे डोके शाबूत ठेवल्याशिवाय खेळताच येऊ नये. ही कला मरणपंथाला लागली असता शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आसरा दिला, स्वतः हातात कुंचला घेतला, चिताऱ्यांना काम दिले. त्यांचे ऋण मानावे तितके थोडे. अलीकडे तर या पत्त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पण माझ्या वाचकांपैकी किती जणांनी गंजिफ्याचा एक डाव खेळला आहे? हात वर करा! ज्यांच्या दिवाणखान्यात कपाटाच्या काचेआड ती सुबक पेटी आहे त्यांनाच मी हे विचारतो आहे. आपण पत्ते वाचविले आणि खेळ घालविला. आता चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेला नृसिंह त्या घरात कोणाच्या हातावर मात करणार?

आणि हा गंजिफा तरी आभाळातून पडला काय? शब्द फारसी. 1527 साली बाबराने सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराने पत्त्यांत आपल्या मर्जीने फेरफार केले, हे अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे. मोगली गंजिफ्यात आठ रंग, 96 पत्ते; ताज, शमशेर, गुलाम अशी त्यांची चिन्हे. मग कुणा बिननावाच्या चिताऱ्याने आणि कुणा बिननावाच्या खेळगड्यांनी ताज-शमशेर बाजूस सारून तेथे मत्स्य-कूर्म बसविले, आठाचे दहा केले, 96 चे 120 केले. त्या काळी ते सांस्कृतिक मंडळ असते, तर ठराव झाला असता: मूळ पत्त्यांत बदल करता येणार नाही, पत्रिका छापावयास गेली आहे! आज ज्याला आपण परंपरा म्हणून ओवाळतो तो कुणा एकाचा सुधारलेला मसुदाच आहे.

शहरी वाचकांना ब्रिज जवळचे वाटेल. आज जगभर खेळला जातो तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हॅरल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन श्रीमंताने 1925 साली, 'फिनलंड' नावाच्या बोटीवरून पनामा कालव्यातून जात असता, तिघा मित्रांना खेळावयास बसवून घडविला. जुन्या खेळाची गुणांकनाची रीत त्याला बोचत होती. त्याने नवा तक्ता मांडला, बोटीवरच खेळून पाहिला. गेम झालेल्या जोडीला कोणता शब्द वापरावा हे त्या चौघांना सुचेना, तेव्हा सहप्रवासी असलेल्या एका तरुणीने 'व्हल्नरेबल' हा शब्द सुचविला. तो आजतागायत चालू आहे. कोट्यधीशाला उतारूचे ऐकण्यात कमीपणा वाटला नाही. आमच्या विद्वानांना मात्र पेटी उघडण्यातही कमीपणा!

आणि मुलांचा 'व्यापार'? त्याच्या अमेरिकन मूळपुरुषाची, किंवा मूळस्त्रीचीच म्हणा, कथा अशी, की एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 साली जमीनदारीचे दोष दाखविण्यासाठी एका खेळाचे पेटंट घेतले. पुढे तीस वर्षे लोक तो हाताने पटावर रेखून खेळत, आपापल्या गावच्या रस्त्यांची नावे घालीत, नियम वाकवीत राहिले. 1935 साली तो मोनॉपॉली म्हणून बाजारात आला तेव्हा त्यावर भलत्याच गृहस्थाचे नाव होते, ही लबाडी खरी. पण खेळ इतका पक्का झाला होता तो त्या शेकडो स्वयंपाकघरांतल्या टेबलांवर घासून निघाल्यामुळे.

पण इतके दूर जावयास कशाला हवे? कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तेथले ठाकर चित्रकथीची पोथी उघडतात, एकेक चित्र पुढे ठेवतात आणि त्यावर रामायण-महाभारतातले आख्यान गातात. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्र दाखवून गोष्ट सांगण्याचा खेळ आमच्या मातीत असा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भाच्याने तो परदेशातून आणला नाही, वळसा घालून घरी आणला. आणि जत्रेतला दशावतार! त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात, आणि मग रंगमंचावरच्या बाकड्याशी उभा राहून राजा जे बोलतो ते त्याचे त्या रात्रीचे असते. समोरचा उत्तर काय देईल हे त्यालाही ठाऊक नसते. प्रेक्षक पेंगले, की पात्र चाल बदलते. हसले, की तोच धागा ओढते. उद्याच्या गावी तोच प्रसंग निराळा होतो. मसुदा रोज रात्री लोकांपुढे तपासून घेणारी ही मंडळी, आणि त्यांच्याच जिल्ह्यात आम्हांला सांगण्यात येते, खेळून काय पाहायचे!

एक गोष्ट मात्र मी प्रतिपक्षाला मोकळेपणाने देतो. जो येईल त्याचे ऐकून खेळ बदलत गेले, तर शेवटी त्याचे पिठले होते. आमच्याही हातून हे पाप घडले. चौथ्या मसुद्याच्या वेळी मुंबईच्या मुलांना 'वळई' म्हणजे काय, 'कोंडी' म्हणजे काय हे समजेना. म्हणून भाच्याने मालवणी नावे काढून तेथे पुस्तकी शब्द घातले. डाव सुरळीत चालला, कोणी अडले नाही, आणि खेळ मात्र बेचव झाला. कोणीही कुठेही सांगितली असती अशी ती गोष्ट होती. आमच्या वडील वहिनी, ज्यांना अक्षरओळख बेताचीच, त्या रात्री उठून आत गेल्या. "माका वाचूक येणा नाय, पण चित्रां दिसतत मां," असे म्हणून ज्या तीन रात्री हिरिरीने बसल्या होत्या, त्या! भाच्याने ते वहीत टिपले. पाचव्या मसुद्यात शब्द परत आले, इतकेच नव्हे तर शब्द वाचण्याची गरजच पडू नये अशी चित्रे त्याने नव्याने काढली. तेव्हा खेळून पाहणे म्हणजे बहुमताने कारभार हाकणे नव्हे. कोण काय म्हणतो यापेक्षा कोण उठून जातो हे पाहावे लागते, आणि त्याचा अर्थ लावणारा कोणीतरी एक डोळस माणूस लागतोच. ही जबाबदारी मी भाच्यावरून काढून घेत नाही. परंतु ती पार पाडावयाला आधी बघावे तर लागेल!

सहाव्या वेळी त्याने आणखी एक युक्ती केली. पेटी शेजारच्या वाडीतल्या एका घरी पाठविली. स्वतः गेला नाही, मलाही जाऊ दिले नाही. दोन दिवसांनी पेटी परत आली तेव्हा कळले, की त्यांनी नियमांचा तिसरा परिच्छेद साफ उलटा वाचला होता. हातातले पत्ते लपवावयाचे तर ते उघडे मांडून खेळले होते. भाचा प्रथम कपाळाला हात लावून बसला. मग आम्ही तसे खेळून पाहिले. लहान मुलांना ते जास्त जमले. पुढे काय येणार आहे हे सगळ्यांना दिसत असल्यामुळे गोष्टीला आपोआप दिशा येई, आणि मोठी माणसे त्यांना कानात सांगत बसत. आता लहानांसाठी तोच नियम आहे. परिच्छेद मात्र पुन्हा लिहावा लागला, आणि तो तीनदा लिहिला.

साठ पत्त्यांचे आता अठ्ठेचाळीस उरले आहेत. पावसाळी हवेने कागदाचे पत्ते मुडपून वाटीसारखे होतात, हेही खेळता खेळताच कळले. सावंतवाडीचे चितारी पत्त्यांना लाखेचा लेप का देत, हे तेव्हा उमगले. तसा काही लेप परवडेल काय याची चौकशी चालली आहे.

मंडळाचे पत्र परवा पुन्हा आले. पाचशे पेट्यांची तयारी आहे, प्रकाशनाची तारीख ठरते आहे, पहिल्या नमुन्याप्रमाणेच छपाई व्हावी, कारण त्याचे छायाचित्र पत्रिकेत गेले आहे. पाचशे पेट्या म्हणजे भाच्यासारख्या माणसाला थोडी गोष्ट नाही. नाही म्हणताना त्याचा जीव वरखाली होतो आहे, आणि घरातले काही शहाणे त्याला 'घेऊन टाक' असाच सल्ला देत आहेत. मी त्याला म्हटले, उत्तर लिही: मंडळाच्या सर्व सभासदांनी पाडव्याच्या संध्याकाळी नांदगावला यावे, जेवणाची सोय आमच्याकडे, डाव आठला सुरू होईल, अध्यक्षांनी देवचाराचे देणे सोबत आणावे. पत्र त्याने लिहिले आहे. पाकीट अजून टपालात पडलेले नाही. सातव्या मसुद्याच्या पेटीवर ठेवलेले आहे, आणि वहिनी आतून विचारताहेत, आज बसायचे आहे की नाही?